पुलीवरचा ठिपका

"सील ठोकायचं नसतं बिरू, बसवायचं असतं," असं म्हणत मगदूम मेस्त्रींनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली.

डॉक्टर आवटींची पांढरी डिझेल गाडी पुढचं उजवं चाक काढून ठोकळ्यांवर उभी होती. मेस्त्री गोणपाटावर मांडी घालून तिच्या बगलेत बसले. नव्या ऑइल सीलच्या कडेला त्यांनी करंगळीनं तेल लावलं, सील जागेवर टेकवलं, वर जुन्या बेअरिंगची कडी ठेवली आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं गोल गोल टकटक करत राहिले. इतकं हळू, की शेजारच्या सायकल दुकानातल्या रेडिओवरच्या बातम्या नीट ऐकू येत होत्या.

"आमच्या आयटीआयला हे प्रेसनं बसवायला शिकवलंय," मी म्हणालो.

"मग आण जा की तुझं आयटीआय उचलून. ठेवूया हितं चिंचेखाली."

मी हसलो, पण मनातून चिडलोही. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आयटीआयला वर्गात पहिला आलो होतो आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. कंपन्यांच्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढून मी त्यांना बाइंडिंग करून घेतलं होतं. जयसिंगपुरात शिरोळ रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात माझ्याइतकं वाचलेला दुसरा माणूस नव्हता. अर्थात गॅरेजात आम्ही दोघंच होतो, आणि मेस्त्री चौथी पास होते.

त्या दिवशीचं काम मोठं होतं. टायमिंगचा पट्टा, पाण्याचा पंप आणि तेल अडवणारी पुढची दोन्ही ऑइल सील. इंजिनातला खालचा दांडा पिस्टन वरखाली करतो, वरचा दांडा व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दोघांना एका तालात ठेवतो तो हा दातेरी रबरी पट्टा. वरच्या आणि खालच्या पुलीवर खुणा असतात, त्या जुळवून पट्टा चढवायचा. दोन दात इकडचे तिकडे झाले तर पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो आणि दोघांची टक्कर होते. पंप आणि सील त्या पट्ट्याच्या मागेच असतात. म्हणून एकदा उघडलं की सगळंच नवं घालायचं, अशी मेस्त्रींची रीत होती.

दुपारी डॉक्टर डोकावून गेले. ते गुरांचे डॉक्टर, मेस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक.

"मेस्त्री, संध्याकाळी मिळेल ना? सकाळी लवकर दत्तवाडला म्हैस बघायची आहे."

"सहाला या. चालू करून दाखवतो."

डॉक्टर गेले. मेस्त्रींनी दहा नंबरचा पाना मागितला. मी मुद्दाम दहा आणि अकरा असे दोन पुढं धरले. त्यांनी चष्म्यातून पाहिलंच नाही, दोन्ही तोंडांवर अंगठा फिरवला आणि दहा उचलला. मला वाटलं, आता आकडाही दिसत नाही यांना.

असं वाटायला कारणं होती. महिन्यापूर्वी त्यांनी निळी वायर काळी म्हणून जोडली होती. ती मी वेळेत बघितली म्हणून निभावलं. एकदा एका गाडीला सामोरं जाऊन "या पाटील" म्हणाले, तर आत चौगुल्यांचा पोरगा. बाजारात कुजबुज सुरू झाली होती, मगदूम मेस्त्रीची नजर गेली म्हणून. पुण्याहून त्यांचा मुलगा अभिनंदन दर रविवारी फोन करून गॅरेज बंद करा म्हणायचा.

ह्या सगळ्यात मेस्त्रींनी नियम घेतला. त्या वर्षी आमच्या गावात दुसऱ्या एका जुन्या मेस्त्रीनं ब्रेकचं काम करताना चूक केली आणि तिघं जण जायबंदी झाले. मेस्त्री आठवडाभर धड जेवले नाहीत. मग चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी महाराज आले होते, त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि नियम घेऊन आले. आपल्या हातच्या चुकीनं एखादी गाडी मोडली, तर त्या दिवसापासून हत्याराला हात लावायचा नाही. कुठल्याच हत्याराला, कधीच.

त्यांची बायको रत्नाक्का मला म्हणाल्या होत्या, "लोकं तूप सोडत्यात, चहा सोडत्यात. ह्येंनी बघ काय सोडायचं काढलंय. नियम म्हणजे खेळ न्हवं रं बिरू. घेतला की घेतला. तू जरा ध्यान ठेव त्येंच्यावर."

मी ध्यान ठेवत होतो. इतकं, की त्यांच्या प्रत्येक कामावरून माझी नजर एकदा फिरत असे. त्यांना कळू न देता.

चारच्या सुमारास पंप बसला, सील बसली, नवा पट्टा खोक्यातून बाहेर आला.

"ह्या गाडीची एक गंमत हाय बिरू," मेस्त्री म्हणाले. "तू यायच्या आधीची गोष्ट. उसाच्या ट्रॉलीला धडकली होती ही..."

"मेस्त्री, पुस्तकात सगळं आहे. सकाळीच वाचून आलोय. वरच्या पुलीची रेघ, तिच्यासमोर इंजिनाच्या हेडवरची खाच, खालच्या पुलीला पिन."

"पुस्तकात हाय व्हय?" ते माझ्याकडं बघून हसले. "मग मी काय सांगणार."

आणि गोष्ट तिथंच राहिली. पुढं कितीतरी वेळा मी ते वाक्य मनात मागं फिरवून पाहिलं आहे. मी फक्त "हं, मग?" एवढं म्हणायला पाहिजे होतं.

पट्टा चढवण्याआधी मेस्त्रींनी वरच्या पुलीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायला सुरुवात केली. डोळे अर्धवट मिटलेले. नख हळूहळू पुढं सरकत होतं, मागं येत होतं.

"काय चाचपताय?"

"देव शोधतोय," ते म्हणाले. मग नख एका जागी थांबलं. "सापडला. जा, कूलंट घेऊन ये. दुकान बंद करंल तो."

मी कूलंट आणायला गेलो. दुकानदारानं त्याच्या मेहुण्याच्या नव्या ट्रॅक्टरची कथा लावली आणि परत यायला अर्धा तास गेला. आलो तेव्हा मेस्त्री रॉकेलनं हात धूत होते.

"झालं. दोन फेरे दिलेत इंजिनाला हातानं, मोकळं फिरतंय, कुठं टक्कर न्हाई. पट्ट्यावरचं कव्हर तेवढं बसव, पाणी भर. बाकी हात लावू नको. मी जेवून येतो, मग स्टार्टर मारू."

मेस्त्री जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं हे त्यांचं लहानपणापासूनचं. थंडीत दिवस लवकर बुडतो, म्हणून सव्वापाचला ते स्कूटर काढत. हातात काय काम आहे ते बघत नसत. घर जवळच होतं, पाऊणेक तासात जेवून परत येत.

स्कूटर वळणाआड गेली. मी कव्हर उचललं आणि सवयीनं आत डोकावलो.

वरच्या पुलीवरची रेघ खाचेसमोर नव्हती. दोन दात पुढं होती.

मी टॉर्च लावून पाहिलं. पुस्तक आणून चित्र पाहिलं. पुन्हा पुली पाहिली. खाली पिन जागेवर, आणि वर दोन दातांचा फरक. मेस्त्री चुकले होते. त्यांना रेघ दिसलीच नव्हती, म्हणून तर ते नखानं चाचपत बसले होते. आणि अशीच गाडी चालू केली असती तर आज संध्याकाळी त्यांचा नियम त्यांना लागला असता.

दोन फेरे मोकळे फिरले हे त्यांनी मला सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं. पण हलक्या हातानं फिरवताना कधी कधी कळत नाही, असं मी स्वतःला समजावलं. ह्या वयात त्यांना हाताला तरी काय कळत असेल, असंही मनात आलं. ते मी लपवत नाही.

थांबून त्यांना विचारता आलं असतं. मेस्त्री, रेघ जुळत नाही, बघा जरा. पण मग त्यांना कळलं असतं की ते चुकलेत, आणि मी पकडलंय. मला ते नको होतं. मी त्यांच्यावर माया करत होतो, हे खरं. आणि त्यांना न कळता त्यांना वाचवणारा मी, हे चित्र मला फार आवडलं होतं, हेही खरं.

मी पट्टा ताणून धरणारा टेन्शनर ढिला केला. पट्टा वरच्या पुलीवरून सोडवला, पुली दोन दात मागं घेतली, रेघ खाचेसमोर आणली, पट्टा चढवला, टेन्शनर आवळला. पुस्तकातल्या चित्रासारखं दिसत होतं सगळं. आता हातानं दोन फेरे द्यायचे राहिले होते. पाना लावायला वाकलो आणि वळणावर मेस्त्रींच्या स्कूटरचा फटफटाट ऐकू आला. आज ते लवकर जेवून आले होते. मी घाईनं कव्हर बसवलं आणि बोल्ट मारले. ते स्कूटर स्टँडला लावत होते तेव्हा मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो.

"लवकर आलात?"

"डॉक्टर येणार न्हवं. कव्हर बसवलंस?"

"बसवलं."

"हात न्हाई न्हवं लावलास कशाला?"

"नाही."

डॉक्टर सहाला पाच मिनिटं असताना आले. बाहेर अजून उजेड होता, चिंचेवर पाखरं ओरडत होती. मेस्त्रींनी फडक्यानं स्टिअरिंग पुसलं, स्वतः सीटवर बसले. मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणून ते नेहमी किल्ली फिरवत.

किल्ली फिरवली.

स्टार्टरनं इंजिन एकदा ओढलं आणि आतून खाडखाड असे तीन-चार आवाज आले. पातेल्यात खलबत्ता पडावा तसे. मग इंजिन अडकलं. स्टार्टर नुसता गुरगुरला आणि मेस्त्रींनी किल्ली बंद केली.

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मेस्त्री खाली उतरले, पाना घेतला, कव्हरचे बोल्ट काढले. खाली पाना लावून इंजिन हळूहळू उलटं फिरवत खुणेवर आणलं. मग अंगठ्याचं नख पुलीच्या कडेवरून फिरवलं. नख थांबलं ते खाचेपासून दोन दात अलीकडं.

"रेघेवर लागलाय," ते पुटपुटले. "ठिपक्यावर न्हाई. रेघेवर लागलाय."

"ठिपका? कसला ठिपका?" मी विचारलं.

त्यांनी माझं बोट धरलं आणि पुलीवर टेकवलं. नखाला एक बारीक खळगा लागला, पंच मारून केलेला.

"ही पुली ह्या गाडीची न्हाई. धडक बसली तेव्हा मूळची फुटली. कंपनीची यायला महिना लागत होता, म्हणून मी जुन्या बाजारातनं दुसऱ्या मॉडेलची आणली. दात तेवढंच, खरं रेघ दुसरीकडं. पिस्टन आन् व्हॉल्व्ह बघून मी जागा काढली आन् हा ठिपका मारला. त्याच वेळी ती रेघ घासून टाकायला पायजे होती मी. ऱ्हाऊन गेलं. आन् आज माझीच नजर त्या रेघेवर गेली बघ."

माझ्या कानात गरम वाफ गेल्यासारखं झालं. ते बरोबर होते. पुली बरोबर होती. रेघ खोटी होती, आणि मी ती खरी करायला गेलो होतो.

मेस्त्री पुलीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. पुढची पाच-सहा वाक्यं मला अक्षरही न बदलता पाठ आहेत.

"बिरू, मी ठिपक्यावरच लावला हुता असं मला वाटतंय. नख लागलं हुतं मला. आन् दोन फेरे दिले हुते. दिले हुते न्हवं?"

"मी कूलंट आणायला गेलो होतो मेस्त्री."

"व्हय. गेला हुतास." त्यांनी पुन्हा पुलीवर नख टेकवलं. "खरं कव्हर लावताना बघितलं असशील की. कुठं हुता पट्टा? ठिपक्यावर, का रेघेवर?"

एकच शब्द बोलायचा होता. डॉक्टर उभे होते. सायकलवालाही आवाज ऐकून येऊन उभा राहिला होता. आयटीआयला पहिला आलेला मी, बाइंडिंग केलेली पुस्तकं, बाजार काय म्हणेल, सगळं एकदम डोक्यात आलं.

"मी बघितलं नाही," मी म्हणालो. "नुसतं कव्हर बसवलं."

मेस्त्रींनी मान हलवली. माझ्यावर त्यांनी क्षणभरसुद्धा संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला.

"मग ते दोन फेरे दुसऱ्या कुठल्या गाडीचे असतील," ते म्हणाले. "डॉक्टर, चूक माझी हाय. व्हॉल्व्ह वाकलेत. हेड उतरवायला लागंल. बिरू करून देईल सगळं, तुम्हाला काय तोशीस लागणार न्हाई."

"अहो मेस्त्री, होतं असं. तुम्हीच करा की," डॉक्टर म्हणाले.

"मी न्हाई आता."

हातातला पाना त्यांनी फडक्यानं पुसला आणि पेटीत ठेवला. बाकीचे पाने नंबरवार लावले, पेटी बंद केली. मग साबणानं हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, नखांतलं काळं निघेपर्यंत. गॅरेजची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"उघडत जा सकाळी. मी येणार न्हाई."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी हेड उतरवायला घेतलं, वाकलेले व्हॉल्व्ह बघितले आणि म्हटलं, काम झाल्यावर सांगू. चौथ्या दिवशी गाडी चालू झाली. डॉक्टर म्हणाले, "बिराप्पा, हात चांगला आहे तुझा." मग ते सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं. महिन्याभरात अभिनंदन पुण्याहून आला. त्याला हायसं वाटलं होतं. गॅरेज त्यानं माझ्या नावावर करून दिलं. बाजारात लोक म्हणू लागले, मेस्त्रींनी वेळेवर हात काढून घेतला, पोरगं तयार होतंच.

पोरगं तयार होतं, हे खरंच.

मेस्त्रींनी नियम पाळला. पाळला म्हणजे किती, ते मी दर सणाला त्यांच्या घरी जाऊन बघत होतो. नळ गळायला लागला तरी ते वायसर बदलत नसत, प्लंबर यायचा. नातवाच्या सायकलची चेन पडली तर ते त्याला गॅरेजला पाठवायचे. घराच्या पुढच्या सोप्यातल्या झोपाळ्याच्या कडीचा नट ढिला झाला होता आणि झोका घेतला की करकर वाजायचा. एकदा मी पाना घेऊन आवळायला उठलो तर म्हणाले, "असू दे. तेवढीच सोबत." दिवसभर ते त्या झोपाळ्यावर बसत. रस्त्यानं गाडी गेली की कान देत आणि सांगत, "हिचा पंप जाणार हाय." ते बरोबर असायचं. पण मग लगेच म्हणत, "का कुणास ठाऊक. माझ्या सांगण्यावर जाऊ नको."

हे शेवटचं वाक्य मला खायला उठत असे. गाड्यांच्या बाबतीत असं म्हणणारा माणूस नव्हता तो. हळूहळू ते बाकीच्या गोष्टींतही तसं म्हणू लागले. रत्नाक्कांनी मीठ घातलं का विचारलं तरी म्हणायचे, "मला वाटतंय घातलंस. खरं माझं काय धरू नको."

अकरा वर्षं गेली. डॉक्टर आवटी निवृत्त झाले आणि त्यांनी ती पांढरी गाडी मोडीत काढायचं ठरवलं. मध्ये दोनदा तिचा पट्टा मी बदलला होता, दोन्ही वेळा ठिपक्यावर, नखानं चाचपून. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी मी ती वरची पुली काढून घेतली, रॉकेलनं धुतली आणि मेस्त्रींकडं गेलो. का तोच दिवस निवडला, ते मला नीट सांगता येणार नाही. पुली भंगारात गेली की सांगायला काही उरणार नाही, असं वाटलं असावं.

माघाचे दिवस होते. सहा वाजायला आले होते. मेस्त्री झोपाळ्यावर होते. काचबिंदूनं एक डोळा पुरता गेला होता, दुसऱ्यानं नुसत्या सावल्या दिसायच्या. मी पुली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती मांडीवर घेतली. अंगठ्याचं नख कडेवरून फिरलं आणि थांबलं.

"डॉक्टरांची," ते म्हणाले. "हा माझा ठिपका."

"मेस्त्री," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही ठिपक्यावरच लावला होता."

मी सगळं सांगितलं. कव्हर उचललं, रेघ बघितली, टेन्शनर ढिला केला, दोन दात मागं घेतलं. फेरे दिले नाहीत. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. सांगताना मी रडत होतो. खरं सांगायचं तर सांगून झाल्यावर मला आतून बरंही वाटत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेत होतो. ते मला शिव्या देतील, मारतील, कदाचित डोक्यावरून हातही फिरवतील, असं मनात येत होतं.

"दोन फेरे मी दिले होते?" त्यांनी विचारलं.

"दिले होते."

"त्याच गाडीला?"

"त्याच गाडीला, मेस्त्री."

त्यांनी पुली दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरली. मग आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली.

"रत्ना, अगं माझे हात चांगले हुते. बिरू म्हणतोय."

आतून रत्नाक्का म्हणाल्या, "काय म्हणालाय? ताट वाढलंय, या. दिवस मावळायलाय."

"मग नियम लागलाच नव्हता मला," मेस्त्री म्हणाले. हे ते माझ्याशी बोलत नव्हते. "अकरा वर्षं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय वर झोपाळ्यावर घेतले.

"गाडीत पाना हाय?"

"आहे."

"चौदा-पंधरा आण."

मी पळत जाऊन आणला. ते उठून उभे राहिले. डाव्या हातानं झोपाळ्याची कडी चाचपली, नट सापडला. उजव्या हातातल्या पान्याच्या दोन्ही तोंडांवर अंगठा फिरवून त्यांनी चौदाची बाजू पुढं घेतली आणि नटावर लावायला गेले. पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. ज्या हातानं ते सील नुसती टकटक करून बसवायचे, त्या हाताला आता सहा बाजूंचा नट सापडत नव्हता. त्यांचं कपाळ घामानं भिजलं.

रत्नाक्का दारात आल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. नवऱ्याच्या हातातला पाना बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बुडायला आला की दिवस. चला."

मेस्त्रींनी ऐकलं नाही. पाना नटावर अर्धा बसला आणि घसरून त्यांच्या बोटांवर आपटला. मला बघवेना. मी पुढं होऊन पान्याला हात घातला.

"हात लावू नको," मेस्त्री म्हणाले.

मी हात मागं घेतला. समोरच्या उसाआड सूर्य गेला आणि सोप्यात अंधारून आलं. रत्नाक्का आत गेल्या, ताट झाकल्याचा आवाज आला. त्या दिवशी मेस्त्री जेवले नाहीत. मी शेजारी उभा होतो आणि पाना नटावरून निसटत होता, पुन्हा पुन्हा.